आत्तीचा अर्ज

माझा धाकटा भाऊ अमेरिकेला गेला त्याला आता वीस वर्षे होत आली. २०१९ साली तो तिथला नागरिक झाला. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते हे ठाऊक होते, पण ती कशी असते ते मला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कळले. शंभर प्रश्नांची यादी आधीच हातात देतात. अधिकारी समोर बसवून त्यातले दहा तोंडी विचारतो, सहा बरोबर आले की पास. (२०२५ च्या ऑक्टोबरपासून अर्ज करणाऱ्यांना यादी १२८ प्रश्नांची आहे आणि वीसपैकी बारा यावे लागतात, म्हणजे आमचा भाऊ स्वस्तात सुटला.) मी राज्यशास्त्र शिकवते, म्हणून उजळणी घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी बेळगावहून शनिवारी निपाणीला माहेरी यायची, रविवारी सकाळी सोप्यात बसून व्हिडिओ कॉल लावायची. तिकडे त्याची शनिवारची रात्र असायची आणि तो जांभया देत उत्तरे द्यायचा.

एका रविवारी मी विचारले, "घटनेच्या पहिल्या दुरुस्तीतली स्वातंत्र्ये सांग." परीक्षेत एक सांगितले तरी चालते, पण मास्तरकीची खोड जाते कुठे? मी म्हटले, पाचही सांग. भाऊ बोटे मोजू लागला. बोलण्याचे स्वातंत्र्य, धर्माचे, वृत्तपत्रांचे, शांतपणे एकत्र जमण्याचे. पाचव्या बोटाला अडला. माझ्या शेजारी आत्ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

"सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचे," मीच सांगून टाकले.

आत्तीने मान वर केली. "म्हंजे अर्ज करायचा?"

"होय, अर्जच."

"आणि त्येला तिकडं हक्क म्हणत्यात व्हय?" असे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. नुसते पाहिले. मी घाईघाईने यादीतला पुढचा प्रश्न शोधू लागले.

त्या पाहण्याचा अर्थ आम्हा दोघींनाच माहीत होता.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. निपाणीत तंबाखूच्या वखारीत तिने वीस-बावीस वर्षे काम केले. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगले. २०१८ साली तिचा म्हातारपणाचा पगार थांबला. पेन्शनला आमच्याकडे सगळे पगारच म्हणतात. आधार कार्डावर नाव एक, बँकेत दुसरे, असा काहीतरी घोळ झाला होता. चार महिने वाट पाहून आत्तीने रात्री कंबर धरत धरत दोन पानी अर्ज लिहिला. मराठीत लिहिला, कारण दुसरी भाषा तिला लिहिता येत नाही. मी सुट्टीला आले होते, तिच्याबरोबर कचेरीत गेले. कचेरी कुठली ते सांगत नाही. खिडकीतल्या माणसाने कागद पाहिला, परत आमच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "कन्नडदल्लि बरदु कोडि." कन्नडमध्ये लिहून द्या.

तो अंगावर आला नाही की खेकसला नाही. अगदी साध्या सुरात म्हणाला, जणू पेन निळा आणा. मागे रांग होती. दुपारची जेवणाची वेळ जवळ आली होती. मी तेव्हा दहा-बारा वर्षे वर्गात घटनेचे कलम ३५० शिकवत होते. ते कलम अगदी दोन ओळींचे आहे. कोणत्याही माणसाला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे. कोणत्याही भाषेत. मला ते पाठ होते आणि मी काय केले? बाकावर बसले, पर्समधून कोरा कागद काढला आणि पाच मिनिटांत कन्नडमध्ये अर्ज लिहिला. मला कन्नड उत्तम येते, अव्वाची कृपा. आत्तीची दोन पाने माझ्या सात ओळींत बसली. खाली तिने मराठीत सही केली. अर्ज घेतला गेला आणि पुढच्या महिन्यात पगारही सुरू झाला.

कचेरीतून परत येताना आत्ती म्हणाली, "तू पोरांस्नी शिकवतीस न्हवं ह्ये? मग तिथं गप का बसलीस?"

"काम झालं न्हवं?" मी म्हटले.

"काम झालं. पर मी काय लिवलं हुतं त्ये तू वाचलंस तरी का?"

मी वाचले नव्हते.

भावाच्या परीक्षेच्या निमित्ताने हे सारे परत वर आले. मी त्याला एकदा विचारले, तुमच्याकडची माणसे ऊठसूट हक्कांचे बोलतात, ते खरेच एवढे मानतात की नुसते तोंडी लावणे? तो म्हणाला, मोठ्या गोष्टींचे मला सांगता येणार नाही, पण आमच्या गावच्या कौन्सिलच्या सभेला मी एकदा गेलो होतो. कुणीही उठावे, नाव सांगावे आणि तीन मिनिटे बोलावे. एक म्हातारी आली होती. रस्त्यासाठी तिच्या दारातले झाड तोडणार होते. तिचे कुणी ऐकणार नाही हे सगळ्यांना दिसत होते, तिलाही. तरी ती कागद घेऊन उभी राहिली, तीन मिनिटे वाचून दाखवले आणि थँक यू म्हणून खाली बसली. झाड गेले. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या कशासाठी तरी परत आली.

मला ही म्हातारी फार आवडली. आत्तीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडं तिला पाणी तरी इचारलं असतं."

आता थोडे वर्गातले. १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहिली गेली तेव्हा तीत हक्कांची यादीच नव्हती. लोक अडून बसले. आधी हक्क लिहून द्या म्हणाले. तेव्हा कुठे १७९१ च्या डिसेंबरात दहा दुरुस्त्या एकदम आल्या. भांडून घेतलेली वस्तू माणूस वेगळी जपतो, हे आमच्या भाऊबंदकीवरून तुम्हाला माहीत आहेच. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० ला हक्कांची यादी घटनेसोबतच आली. आणि गंमत पाहा, त्यांच्या पहिल्या दुरुस्तीने बोलण्याचे स्वातंत्र्य लिहून दिले, तर आपल्या पहिल्या दुरुस्तीने, १९५१ साली, त्या स्वातंत्र्यावर घालायच्या बंधनांची यादी वाढवली. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, पण लिहून घेतात, कारण परीक्षेला येते.

तरी अमेरिकेतही ती यादी सगळ्यांसाठी नव्हतीच. गुलामांना ती लागू नव्हती. गुलामगिरी कायद्याने संपायला १८६५ उजाडले, बायकांना देशभर मत मिळायला १९२०. माझा अनुभव असा, की हक्काची खरी किंमत बाहेर ठेवलेल्या माणसालाच कळते. महात्मा फुल्यांनी हे पुण्यात बसून ओळखले होते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि ते पुस्तक अर्पण केले, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या काळी पुण्याच्या माणसाने अमेरिकेला पुस्तक अर्पण करावे, हे मला आजही नवलाचे वाटते. पुढे १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. आणि तेच बाबासाहेब १९२५ च्या एप्रिलमध्ये बहिष्कृतांच्या परिषदेसाठी आमच्या निपाणीत आले होते. बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन होऊन चार महिनेही झाले नव्हते. बेळगावच्या अधिवेशनाची शताब्दी आपण २०२४ साली साजरी केली. निपाणीची परिषद आमच्याच गावातल्या किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

निपाणीला हक्क ही गोष्ट पुस्तकातूनच आली असेही नाही. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले, तीन आठवड्यांहून अधिक दिवस. बसणाऱ्यांत आमचे तात्या होते. मी तेव्हा पाळण्यात. अव्वा आणि आत्ती रोज भाकऱ्या बांधून पाठवत. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. तात्या रात्री उशिरा घरी आले, पायात एकच चप्पल. त्या एका चपलेबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. भावाने चौथे बोट मोजताना "शांतपणे एकत्र जमण्याचे" असे पटकन म्हटले तेव्हा अव्वा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली होती.

पण मला सांगायचे होते ते एका मास्तरांबद्दल. रॉबर्ट मेयर त्यांचे नाव. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या हॅम्प्टन नावाच्या खेड्यात चर्चच्या शाळेत शिकवायचे. गाव जर्मन शेतकऱ्यांचे. पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू झाला आणि तिकडे जर्मन बोलणारा प्रत्येक जण संशयित ठरला. १९१९ साली नेब्रास्काने कायदा केला, की आठवी होईपर्यंत कुठल्याही मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही. आईवडिलांना तर मुलांनी घरची प्रार्थना, बायबलच्या गोष्टी आपल्या भाषेत वाचाव्यात असे वाटे. मग शाळेने वाट काढली. मधल्या सुट्टीत जर्मन शिकवायचे, म्हणजे ते शाळेच्या वेळेत धरायला नको. १९२० च्या मे महिन्यात मेयर मास्तर दहा वर्षांच्या एका मुलाकडून बायबलची गोष्ट वाचून घेत होते, तेवढ्यात सरकारी वकील वर्गात आला.

मेयरनी नंतर आपल्या वकिलाला सांगितले ते असे, की इंग्रजीवर गेलो असतो तर त्याने काही केले नसते. जर्मन चालू ठेवले तर खटला होणार हेही कळत होते. क्षणभराचा प्रश्न होता. त्यांनी जर्मन चालू ठेवले.

पंचवीस डॉलर दंड झाला. मेयरनी तो भरून मोकळे व्हायचे नाकारले. राज्याच्या न्यायालयातही हरले. अखेर ४ जून १९२३ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. सगळ्या नागरिकांची भाषा एक असावी असे राज्याला वाटले तर त्यात वावगे नाही, पण चांगल्या हेतूसाठीही अशी जबरदस्ती करता येत नाही, असा त्याचा आशय. मास्तरांचा शिकवण्याचा हक्क आणि आईबापांचा मुलांना शिकवून घेण्याचा हक्क, दोन्ही मान्य झाले. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला 'मेयर' या नावानेच शिकतात. एका खेड्यातल्या मास्तराचे आडनाव! मला वाटते, अमेरिकन माणसाला हक्क आपले वाटतात त्याचे एक कारण इथे आहे. त्यांचे हक्क अशा साध्या माणसांच्या नावाने ओळखले जातात, आणि त्यातला एखादा तरी आपल्यासारखाच असतो.

मी हा खटला बरीच वर्षे शिकवला. पण २०१८ नंतर तो शिकवताना मध्येच घसा बसायला लागला. मेयरपुढे खटला होता, माझ्यापुढे जेवणाची सुट्टी होती, एवढाच फरक.

अमेरिकेचे फार गोडवे गायचे असे मात्र मनात आणू नका. मेयरनंतर वीसही वर्षे झाली नाहीत तोच, १९४२ साली, तिथल्या सरकारने सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाची माणसे घरातून उठवून छावण्यांत डांबली. त्यातली बहुतेक अमेरिकेचीच नागरिक होती, आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान डोलावली. २०२५ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा केले. भाऊ म्हणाला, आमच्या दुकानातल्या पाट्या अजून स्पॅनिशमध्येही आहेत, पुढचे पुढे.

कागदावर पाहिले तर भाषेच्या बाबतीत आपली घटना त्यांच्यापेक्षा उदार आहे. कलम २९ आणि ३० मध्ये भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा जपण्याचा, आपल्या शाळा काढण्याचा मूलभूत हक्क आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली आणि आपण मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलो. त्याच दिवशी लागू झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आणि ३५०-ख आली. लहान मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक खास अधिकारी असावा. ज्या हाताने वाटणी केली त्याच हाताने हे दोन कागद दिले म्हणायचे. सीमा कुठे असावी हा वाद वेगळा, तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथेच राहू दे. हे हक्क मात्र सीमा कुठेही असली तरी आहेत. जतला, अक्कलकोटला महाराष्ट्रात राहणाऱ्या कन्नड माणसालाही तेच कलम ३५० आहे. तिकडच्या कचेरीत एखाद्या अज्जीचा कन्नड अर्ज "मराठीत लिहून आणा" म्हणून कुणी परत केला, तर तीही तितकीच चूक.

हे लिहिताना मला अव्वाची आठवण येते. ती समोरच बसली आहे, तरी येते.

अव्वाचे माहेर गोकाककडचे. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन निपाणीला आली तेव्हा तिला मराठी चार शब्द येत होते. घरात कन्नड बोलू नको असे तिला कुणी सांगितले नाही. सांगावे लागलेच नाही. सासू हसायची, जावा हसायच्या, मग ती गप्प झाली. कन्नड उरले ते दोनच ठिकाणी. भाकऱ्या मोजताना ती "ओंद, येरड, मूर" म्हणायची आणि गोठ्यात म्हशीशी बोलायची. आत्ती चेष्टेने म्हणायची, वैनीचं म्हशीला कळतंय, आमास्नी न्हाई. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीच्या विरोधात आंदोलन पेटले होते, तेव्हा गोकाकचा मामा आम्हाला पाहायला आला. अव्वाने पुढचे दार लावून घेतले आणि दोघे आतल्या खोलीत हळू आवाजात बोलत बसले. मी सहा वर्षांची होते. मला वाटले कुणीतरी आजारी आहे. स्वतःच्या घरात, सख्ख्या भावाशी बोलायला दार लावून घ्यावे लागले. त्या वेळी बाहेर आमचे लोक आपल्या भाषेच्या हक्कासाठीच रस्त्यावर होते, आणि त्यांचे म्हणणे खरेही होते.

मी मराठी पोरगी म्हणून वाढले. कन्नड शिकले ते अव्वाकडून, गोठ्यात.

पुढे माझ्या मुलीच्या वेळी एक प्रसंग आला. कर्नाटक सरकारने १९९४ साली हुकूम काढला होता, की पहिली ते चौथी शिक्षण मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच. त्यावर खटले चालले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम खासगी विनाअनुदानित शाळांपुरता रद्द केला आणि ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी शेवटचा निकाल दिला. माध्यम लादता येणार नाही, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे आईवडील ठरवतील, सरकार नाही. मी निकाल मोठ्या आनंदाने वर्गात सांगितला. पुढच्याच वर्षी मुलीला पहिलीत घालायचे होते. शाळेच्या अर्जात एकच रकाना होता, मातृभाषा. शब्द पाहिला तर आईची भाषा. माझ्या आईची भाषा कन्नड. माझी कोणती? मुलीची कोणती? देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अधिकार मला दिला होता आणि मी पेन हातात धरून बसले होते. शेवटी मराठी लिहिले. अव्वाने कागद हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझी भाषा तुमच्या कुठल्याच कागदावर आली नाही बघ."

आणि शाळा? वाचक ओळखतीलच. इंग्रजी. माझ्या ओळखीतल्या बहुतेक मराठी घरांनी तेच केले आणि कन्नड घरांनीही. ज्या हक्कासाठी एवढा खटला चालला, त्याचा उपयोग आम्ही दोन्ही भाषांपासून लांब जायला केला. चुकले का? अजून सांगता येत नाही. मुलगी आता सोळा वर्षांची आहे, मराठी अडखळत वाचते, कन्नड शाळेपुरते. दोन्ही आज्यांशी भरपूर बोलते मात्र.

२०२२ च्या पावसाळ्यात आत्तीचा पगार पुन्हा थांबला. या वेळी घोळ मोठा होता. कॉम्प्युटरवर आत्ती वारली होती. आत्तीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, आता कुणाला मयतीचा खर्च न्हाई." पण रात्री परत कंबर धरत बसली आणि मी जिवंत आहे असा अर्ज लिहिला. पुन्हा दोन पाने, पुन्हा मराठीत.

या वेळी मी आधी वाचला. पहिल्या पानावर पगाराविषयी काही नव्हतेच. कुठल्या साली वखारीत लागले, दिवसाला काय मिळत होते, तंबाखूच्या धुरळ्याने खोकला कसा लागला, दोन भाच्यांना कसे सांभाळले, हे सगळे ओळीने होते. शेवटी लिहिले होते, की हा पैसा मी भीक म्हणून मागत नाही, सरकारने द्यायचा ठरवला म्हणून मागते. चार वर्षांपूर्वी हे मी सात ओळींत बसवले होते. त्यात नाव, पत्ता, खाते क्रमांक होते. बाकी गाळले होते.

खाली मी फक्त एक ओळ जोडली, कलम ३५० चा उल्लेख. तीही आत्तीला विचारून. ती म्हणाली, "बारीक अक्षरात लिव, माझ्या सहीच्या वर नगं."

तीच कचेरी, खिडकीत माणूस दुसरा. तरुण पोरगा होता. त्याने कागद पाहिला आणि तोंड उघडले. माझ्या छातीत धडधडत होते, ते लपवण्यात अर्थ नाही. चव्वेचाळीस पैशांचे धाडस करायचे होते आणि तळहाताला घाम. मी म्हटले, "अर्ज मराठीतच आहे, आणि मराठीत देता येतो. कलम खाली लिहिले आहे. वाचायला अडचण आली तर मी कन्नडमध्ये सांगते, पण लिहून देणार नाही." हे मी कन्नडमध्ये म्हटले. मराठीत म्हटले असते तर भांडण वाटले असते, असे मला वाटले. कदाचित भितीनेच तसे वाटले असेल.

तो पोरगा आत गेला. साहेबांना विचारून आला. बराच वेळ लागला. मग आत्तीला मराठीत म्हणाला, "आज्जी, बसा की. उभं कशाला राहिलाय?" अर्जावर शिक्का मारला आणि पोच दिली. शिक्का कन्नडमध्ये होता. आत्तीने पोच घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि घरी येईपर्यंत तीन वेळा काढून पाहिली.

महिन्याने उत्तर आले, कन्नडमध्ये. कलम ३५० अर्ज कुठल्याही भाषेत द्या म्हणते, उत्तर कुठल्या भाषेत यावे याबद्दल काही म्हणत नाही. मी त्या आठवड्यात बेळगावात होते, परीक्षा चालू होत्या. आत्तीने फोन करून सांगितले, "कागूद आलाय. वैनी वाचायला लागल्या." मागे अव्वाचा आवाज ऐकू येत होता. एक एक ओळ ती आधी कन्नडमध्ये मोठ्याने वाचत होती, मग मराठीत सांगत होती. सोप्यात बसून, पुढचे दार उघडे. कन्नड वाचताना तिचा आवाज वेगळाच लागतो, जरा वरच्या पट्टीत.

"काय लिहिलंय?" मी विचारले.

"जिती हाय म्हणून दाखला आणा म्हणत्यात," आत्ती म्हणाली. "डॉक्टरचा. आणि दोन फोटू."